प्रगणकांनो, सबमिट दाबण्याआधी एकदा वाचून दाखवा

२०२७ च्या जनगणनेसाठी नेमलेल्या सर्व प्रगणकांना आणि पर्यवेक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

माझी भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जनगणनेच्या कामासाठी तिचं नाव लागलं, तेव्हा सरावाला तिने आमच्याच घरापासून सुरुवात केली. मी भाजी निवडत बसले होते, ती समोर मोबाईल घेऊन. नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, वैवाहिक स्थिती. मी सांगत गेले, तिची बोटं चालत गेली. दोन मिनिटांत ती म्हणाली, "मावशी, तुमचं झालं. आता दादाचं."

"काय लिहिलंस ते वाच बरं एकदा," मी म्हटलं. जुनी सवय.

तिने वाचलं. वय १७. विधवा.

माझं वय ७१ आहे. आकडे उलटे पडले होते, एवढंच. तिने हसत हसत दुरुस्त केलं आणि पुढे गेली. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागी होते, आणि हे पत्र तेव्हाच मनात सुरू झालं. सतरा वर्षांची विधवा ही चूक माझ्या ओळखीची आहे. अशीच एक चूक १९५० साली अमेरिकेच्या जनगणनेत होऊन गेली आणि ती सापडायला बारा वर्षं लागली. तिच्याकडे येतेच, पण त्याआधी मी कोण ते सांगते.

मी १९७६ पासून मुंबईतल्या एका कार्यालयात पंच ऑपरेटर होते. पंच म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. कीबोर्डवर बोटं चालवायची आणि समोरच्या जाड कागदी कार्डावर भोकं पडत जायची. एका कार्डावर ऐंशी रकाने. कुठल्या रकान्यात कुठल्या उंचीवर भोक आहे, त्यावरून यंत्राला कळायचं की हा माणूस पुरुष आहे की बाई, शिकलेला आहे की नाही, किती वर्षांचा आहे. आमच्या खोलीत चौदा मुली होत्या. दिवसभर इतका खडखडाट असायचा की घरी गेल्यावरही कानात चालू राहायचा. आम्हाला कोणी संगणकवाले म्हणत नसे. संगणक पलीकडच्या वातानुकूलित खोलीत होता आणि तिथे चपला काढून जावं लागे. पण त्याला जे काही ठाऊक होतं, ते सगळं आमच्या बोटांतून गेलेलं होतं.

त्या बोटांचा इतिहास तुम्हाला सांगायचा आहे. कारण यंदा ती बोटं तुमची आहेत.

शाळेच्या पुस्तकात हर्मन होलेरिथचं नाव येतं. १८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठी त्याने विजेवर चालणारं गणनायंत्र बनवलं, मोजणी झटपट झाली, त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम उभी राहिली. एवढं शिकवून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. मीही नोकरीच्या प्रशिक्षणात एवढंच शिकले होते. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा लक्षात आलं की, या गोष्टीतला खरा अवघड भाग मोजणीचा नव्हताच.

१८८० साली अमेरिकेची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात होती. तिथे दर दहा वर्षांनी शिरगणती करणं राज्यघटनेनेच बंधनकारक केलेलं आहे, कारण लोकप्रतिनिधींच्या जागा त्यावर ठरतात. माहिती गोळा व्हायची, पण ती मोठमोठ्या तक्त्यांवरून वाचून, पाच-पाच रेघांचे गठ्ठे मारत हाताने मोजावी लागे. चार्ल्स सीटन नावाच्या अधिकाऱ्याने त्यासाठी लाकडी पेटीत कागदाची गुंडाळी फिरवणारं एक साधन केलं होतं. त्यात लांब लांब असलेले रकाने एकमेकांजवळ येत आणि कारकुनाचे डोळे व हात कमी दमत. तरीही १८८० चे सगळे तक्ते बाहेर पडायला दशकाचा बराचसा काळ गेला. पुढची जनगणना मागच्या जनगणनेच्या पाठीवर येऊन आदळणार, अशी वेळ आली होती.

होलेरिथ तेव्हा त्याच कार्यालयात नुकताच लागलेला, विशीतला पोरगा. डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज हे जन्ममृत्यूच्या आकडेवारीचं काम पाहत. एका रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जेवताना ते त्याला म्हणाले की, हे निव्वळ यांत्रिक काम करायला एखादं यंत्र हवं. तो किडा होलेरिथच्या डोक्यात शिरला. आधी त्याने कागदाच्या लांब पट्टीवर भोकं पाडून पाहिली. पण पट्टीतला एक माणूस शोधायचा तर सगळी पट्टी उलगडावी लागे. मग त्याला रेल्वेतली एक गोष्ट आठवली. तिकडचे कंडक्टर तिकिटावर भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवून ठेवत. केस फिकट की काळे, डोळे कसे, नाक मोठं की लहान. तिकीट चोरून दुसऱ्याने वापरू नये म्हणून. प्रत्येक माणसाचं एक स्वतंत्र कार्ड असावं, ही कल्पना तिथून आली.

सुरुवातीला तोही कंडक्टरचाच पंच वापरायचा. १८८६ च्या सुमारास बाल्टिमोर शहराच्या मृत्यूंच्या नोंदींवर त्याने पहिला मोठा प्रयोग केला. कंडक्टरच्या पंचाची जिवणी आखूड. भोक फक्त कार्डाच्या कडेलाच पडे आणि मधली सगळी जागा वाया जाई. शिवाय हात. त्या काळच्या एका घरगुती पत्रात लिहिलं आहे की, हर्मन दिवसाला हजार कार्डं हाताने पंच करतो, एकेका कार्डावर डझनभर भोकं असतात आणि त्याचा हात दुखून दुखून बेजार झाला आहे. हे वाचताना माझा उजवा खांदा आपोआप दुखायला लागला. यंत्राचा शोध लावणाऱ्या माणसाने आधी ऑपरेटरचं दुखणं सोसलं होतं, हे मला कोणत्याच वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दुखण्यातून पँटोग्राफ पंच आला. माझ्या मते जनगणनेच्या डेटा एंट्रीचं पहिलं खरं यंत्र तेच. समोर एक वक्राकार पत्रा, त्यावर मोठी, नावं लिहिलेली भोकं. मागे कार्ड. दोन्हींच्या मध्ये एक दांडा. ऑपरेटरने दांड्याची खुंटी समोरच्या 'पुरुष' लिहिलेल्या भोकात दाबली की मागे कार्डावर नेमक्या जागी बारीक भोक पडे. समोरची हालचाल मोठी, मागची लहान. त्यामुळे कार्डाच्या कुठल्याही कोपऱ्यात पोहोचता येऊ लागलं. एका विभागातल्या सगळ्या माणसांना जे समान असतं, म्हणजे राज्य, जिल्हा, गट क्रमांक, ते पाच-सहा कार्डं एकत्र धरून एकाच दाबात पाडायला वेगळा पंच होता. त्याचा एक फायदा पुढे आम्हीही घेतला. एका गटाच्या कार्डांचा गठ्ठा सरळ केला की ती समान भोकं एकाखाली एक येतात आणि त्यातून तार आरपार जाते. तार अडली, तर समजायचं की परक्या गटाचं कार्ड यात घुसलं आहे.

आता ती स्पर्धा. १८९० साठी कुठली पद्धत निवडायची, हे ठरवायला तिघांची परीक्षा घेतली गेली. होलेरिथ, चार्ल्स पिजिन आणि विल्यम हंट. बाकीचे दोघे रंगांच्या साहाय्याने हातानेच वर्गवारी करत. तिघांनाही सेंट लुइस शहरातल्या चार विभागांतल्या १०,४९१ माणसांची जुनी माहिती दिली. कामाचे दोन भाग. आधी माहिती आपापल्या कार्डांवर किंवा चिठ्ठ्यांवर उतरवायची, मग मोजून तक्ते करायचे.

मोजायला हंटला ५५ तास २२ मिनिटं लागली, पिजिनला ४४ तास ४१ मिनिटं आणि होलेरिथला ५ तास २८ मिनिटं. हेच आकडे सगळीकडे छापले जातात आणि ते थक्क करणारे आहेतच. पण उतरवण्याचे आकडे बघा. हंट १४४ तास २५ मिनिटं, पिजिन ११० तास ५६ मिनिटं, होलेरिथ ७२ तास २७ मिनिटं. म्हणजे जिंकलेल्या माणसाच्याही अठ्ठ्याहत्तर तासांतले बहात्तर तास माहिती उतरवण्यात गेले. यंत्राने मोजणी काही तासांवर आणली. उतरवणारा हात जिथे होता तिथेच राहिला.

१८९० ला काय झालं ते बहुतेकांना ठाऊक आहे. ६ कोटी २६ लाखांवर माणसं आणि प्रत्येकाचं एक कार्ड. कार्ड ऑपरेटरने यंत्राच्या तोंडात ठेवून दांडा खाली ओढला की वरून खिळे उतरत. भोक असेल तिथला खिळा खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे, वीज वाहू लागे आणि तबकडीवरचा काटा एकाने पुढे सरके. कार्ड मोजलं गेलं की घंटा वाजे. एखादं आवश्यक भोकच राहिलं असेल तर घंटा वाजत नसे आणि ऑपरेटर ते कार्ड बाजूला काढे. मला या सगळ्या यंत्रात ही न वाजणारी घंटा सर्वांत मोलाची वाटते. पण ती फक्त राहिलेलं सांगायची. चुकीच्या जागी पडलेल्या भोकाला ती बिनतक्रार वाजायची. ७१ च्या जागी १७ असलं तरी वाजलीच असती.

पंच करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांची नावं इतिहासात नाहीत. होलेरिथचं आहे, जनगणनेचे प्रमुख रॉबर्ट पोर्टर यांचं आहे. त्या बायकांनी दिवसेंदिवस खुंटी दाबत एका देशातल्या प्रत्येक माणसाला हात लावला. त्या कार्डावर वंशाचे रकाने होते. गोरा, काळा, मग मिश्र रक्ताच्या माणसांचे अर्धा, पाव आणि एक अष्टमांश असे भाग, चिनी, जपानी, आदिवासी. दारात उभा राहिलेला प्रगणक कोणाकडे नुसतं बघून काय लिहायचा आणि ऑपरेटरला ते अक्षर कसं लागायचं, यावर त्या माणसाचं भोक ठरायचं. भोक पडलं की प्रश्न संपला.

पुढच्या वीस वर्षांतल्या यंत्रांबद्दल थोडक्यात लिहिते, फक्त एक सोडून. होलेरिथच्या यंत्रांचं भाडं सरकारला जड वाटू लागलं आणि जनगणना कार्यालयाने स्वतःचीच यंत्रशाळा काढली. तिथे ओडेसाहून आलेला जेम्स पॉवर्स हा तंत्रज्ञ होता. १९१० च्या जनगणनेसाठी त्याने जो पंच केला, त्यावर २४० कळा होत्या. आधीच्या पंचात कळ दाबली की भोक पडलंच. पॉवर्सच्या पंचात कळा दाबून नुसत्या बसवून ठेवायच्या. एका माणसाची सगळी माहिती बसवून झाली की एकदा नजर फिरवायची, चुकलेली कळ उचलायची, बरोबर ती दाबायची आणि मग एक शेवटचा दाब. सगळी भोकं एकाच वेळी.

शिक्षक बंधूभगिनींनो, तुमच्या मोबाईलवरचं सबमिटचं बटण म्हणजे पॉवर्सचा तो शेवटचा दाब आहे. त्याने कळा आणि भोक यांच्यामध्ये मुद्दाम थोडी उसंत ठेवली होती. ऑपरेटरने बघावं म्हणून. ती उसंत वापरायची की नाही, हे मात्र त्याला यंत्रात घालता आलं नाही.

आता माझी चूक सांगते. १९७९ ची गोष्ट. ग्रामीण मजुरांच्या एका पाहणीचं काम आमच्याकडे होतं. सकाळपासून ताप होता, पण रजा मागितली तर पगार कापला जाई. एका गठ्ठ्यात पाचव्या रकान्यापासून पुढे मी एक घर सरकले. म्हणजे लिंगाचा आकडा वयाच्या पहिल्या घरात, वयाचा पहिला आकडा दुसऱ्या घरात, असं सगळं एकेक घर उजवीकडे. अडतीस कार्डं मी अशी पंच केली आणि मला पत्ता नव्हता. बोटं नेहमीच्याच लयीत चालली होती.

आमच्याकडे पंच झालेली कार्डं व्हेरिफायरवर जात. तिथे दुसरी मुलगी तोच कागद समोर ठेवून तीच माहिती पुन्हा टाइप करी. तिचं यंत्र भोक पाडत नसे, ताडून बघे. तिची कळ आणि माझं भोक जुळलं नाही की कळफलक जागच्या जागी अडे आणि लाल दिवा लागे. ती पुन्हा बघे, पुन्हा दाबी. तरीही जुळलं नाही तर त्या रकान्याच्या डोक्यावर खाच पडे. सगळं जुळलेल्या कार्डाला उजव्या कडेला खाच. शिफ्ट संपताना गठ्ठ्याच्या उजव्या कडेवरून अंगठा फिरवला की सलग खाच लागली पाहिजे, ती लागली की घरी जायचं. त्या दिवशी व्हेरिफायरवर बसलेली माझी मैत्रीण उठून माझ्याजवळ आली, अडतीस कार्डं टेबलावर ठेवली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, ताप आहे तुला."

मी ती कार्डं पुन्हा केली. विषय तिथे संपला, कारण कोणीतरी दुसऱ्याने ती पाहिली होती. काही वर्षांनी आमच्याकडे टर्मिनल आले, आणि खर्च वाचवण्यासाठी दुसऱ्यांदा टाइप करणं बंद झालं. यंत्र स्वतःच तपासतं, असं आम्हाला सांगितलं गेलं. ते तपासत होतं, नाही असं नाही. दोनशे वर्षांचा माणूस त्याला चालत नसे. सतरा वर्षांची विधवा चाले.

१९५० च्या अमेरिकन जनगणनेचं आता सांगते. तेव्हा तिथे पंधरा कोटींहून जास्त माणसांची कार्डं पंच झाली. तक्ते छापून झाले, वापरात आले. मग अँस्ली कोल आणि फ्रेडरिक स्टीफन या दोन अभ्यासकांना वैवाहिक स्थितीच्या तक्त्यात काहीतरी खटकलं. चौदा वर्षांची विधुर मुलं हजाराहून जास्त दिसत होती. बरं, वय वाढेल तसे विधुर वाढायला हवेत. इथे पंधरा, सोळा, सतरा असं पुढे जावं तसे ते कमी होत होते. चौदाव्या वर्षीच्या विधुरांना मागे टाकायला विशी ओलांडावी लागत होती. तिकडे मूळ रहिवासी अमेरिकनांमध्येही एक कोडं होतं. दहा ते चौदा आणि वीस ते चोवीस वयाचे पुरुष अचानक फुगलेले.

दोघांनी कार्डाचा नमुना समोर ठेवला आणि माग काढत गेले. उत्तर माझ्या त्या अडतीस कार्डांचंच होतं. काही थोडी कार्डं एक रकाना उजवीकडे सरकून पंच झाली होती. पुरुषाचा जो आकडा लिंगाच्या घरात असायचा तो वयाच्या दशकाच्या घरात गेला आणि चाळिशीतला बाप्या चौदा वर्षांचा झाला. १९६२ साली त्यांनी हे छापलं.

या गोष्टीतला पुढचा भाग तुमच्यासाठी. सरकलेली कार्डं एकूण कार्डांच्या मानाने अगदी नगण्य होती. गोरे, विवाहित, मध्यमवयीन अशा कोट्यवधींच्या गटातून ती निघून गेली, तर तिथे कोणाला काही जाणवलंही नाही. पण ती जिथे जाऊन पडली ते गट लहान होते. लहान गटात थोडी चुकीची माणसं आली की त्या गटाचं चित्रच बदलतं. अशी चूक मोठ्याला लागत नाही. ती लहानाच्या वाट्याला येते.

आता आपल्याकडे या. यंदा जात नोंदवली जाणार आहे. २०११ साली सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना झाली होती, तीसुद्धा कागदावर नाही. प्रगणकासोबत एक डेटा एंट्री ऑपरेटर टॅबलेट घेऊन दारोदार फिरत होता. पंचाची खोली प्रथमच उंबरठ्यावर आली ती तेव्हा. २०२१ साली केंद्र सरकारने त्या जातींच्या आकडेवारीबद्दल सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, ते मी अक्षर न् अक्षर लक्ष देऊन वाचलं. १९३१ च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती नोंदल्या होत्या. २०११ ला निघाल्या ४६ लाखांहून जास्त. एकट्या महाराष्ट्रात सव्वाचार लाखांहून जास्त, जिथे शासनाच्या याद्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून ४९४ आहेत. केरळातल्या मापिला समाजाचं नाव चाळीस प्रकारे लिहिलं गेलं होतं, म्हणून त्याच्या चाळीस जाती झाल्या.

ही लाखो नावं कुणी खोटी सांगितली नव्हती. बहुतेकांनी आपापल्या बोलीत खरंच सांगितलं असणार. कोणी जात सांगितली, कोणी पोटजात, कोणी आडनाव, कोणी कुळी. आणि ऐकणाऱ्याने जसं ऐकलं तसं टाइप केलं. ऱ्हस्व की दीर्घ, 'ळ' की 'ल', कोणाला विचारायला वेळ नव्हता. एखाद्या भटक्या समाजाची सगळी मिळून काही हजार माणसं असतील आणि ती पन्नास लेखनांत वाटली गेली, तर तो समाज त्या तक्त्यात उरतच नाही. इतक्या खर्चाच्या पाहणीतले जातींचे आकडे वापरण्याजोगे नाहीत, असं शेवटी सरकारलाच सांगावं लागलं. याला मी टॅबलेटला दोष देत नाही. दारात दोन माणसं होती, पण त्यांतला कोणीच व्हेरिफायर नव्हता.

मधला टप्पाही सांगायला हवा, कारण तो तुमच्या कामाचा थेट पूर्वज आहे. १९५१ साली अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाला युनिव्हॅक हा संगणक मिळाला. केवढं कौतुक झालं त्याचं. पण त्यालाही माहिती कार्डांवरूनच मिळत होती. कार्डं आधी पंच करायची, मग ती चुंबकीय फितीवर चढवायची. संगणक धावायला तयार आणि वाट बघतोय कोणाची, तर पंच ऑपरेटरची. त्यावरचा उपाय म्हणून तिथल्या मानक संस्थेने आणि जनगणना कार्यालयाने मिळून फॉस्डिक हे यंत्र केलं. १९६० च्या जनगणनेत प्रगणकांनी पेन्सिलने छोटी वर्तुळं काळी करायची, त्या कागदांचे मायक्रोफिल्मवर फोटो काढायचे आणि यंत्राने प्रकाशकिरण फिरवून काळी वर्तुळं वाचत थेट फितीवर उतरवायची. पंच करणाऱ्या बायकांची खोली तिथे रिकामी झाली. त्यांचं काम प्रगणकाच्या पेन्सिलीत आलं. १९७० मध्ये नमुने टपालाने घरोघरी गेले आणि वर्तुळं लोकांनी स्वतःच भरली. आपल्याकडे २००१ मध्ये हस्ताक्षर ओळखणारे स्कॅनर आले, तेव्हा तुमच्याच आधीच्या पिढीतल्या शिक्षकांना चौकटीत सुटे सुटे आकडे काढायला शिकवलं गेलं. एक आणि सात यंत्राला वेगळे दिसले पाहिजेत म्हणून.

प्रत्येक वेळी झालं ते असं की, एंट्री एक पाऊल दाराकडे सरकली आणि मधला एक माणूस गळाला. यंदा मध्ये कोणीच नाही. तुम्ही विचारणार, तुम्हीच उतरवणार, तुम्हीच पाठवणार. सात-आठशे माणसांचा गट एकेकाच्या वाट्याला. शाळा, परीक्षा, पोषण आहार, त्यात हे. तुमच्यावरचा भार मला दिसतो. मी कुठल्याही वातानुकूलित खोलीतून हे लिहीत नाही.

आणि मागे कागदही नाही. होलेरिथच्या १८९० च्या जनगणनेचे मूळ नमुने वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतीच्या तळघरात ठेवले होते. १० जानेवारी १९२१ ला तिथे आग लागली. काही जळले, काही विझवण्याच्या पाण्यात भिजले आणि उरलेले पुढे सरकारनेच नष्ट केले. सहा कोटींहून जास्त माणसांतल्या सहा हजारांच्या आसपास नावांच्या नोंदी आज उरल्या आहेत. तक्ते सगळे शाबूत आहेत. त्या तक्त्यांमागचा माणूस कोण होता, हे आता पडताळून बघता येत नाही. आपण यंदा कागदाशिवायच सुरुवात करतो आहोत. तेव्हा जे तुम्ही भराल तीच मूळ प्रत.

म्हणून माझी विनंती, आणि ती मी हात जोडून करते. प्रत्येक घरात, सबमिट दाबण्याआधी, जे भरलं आहे ते मोठ्याने वाचून दाखवा. घरातल्या माणसांना ऐकू द्या. "वय सतरा, विधवा" असं मोठ्याने वाचलं की कोणीतरी चुलीपुढून ओरडेलच. घरात अनेकदा पुरुष उत्तरं देतात, तेव्हा बाईलाही ऐकू येईल असं वाचा. ती शेतावर राबते की "काही करत नाही", हे तिलाच बरोबर ठाऊक असतं. जातीचं नाव ऐकलंत तर त्यांनाच उच्चार पुन्हा विचारा, दाखला असेल तर तो बघा. नसेल, तर त्यांच्या तोंडून आलं तेच लिहा, आपल्याला माहीत असलेल्या जवळच्या नावात बसवू नका. आणि लिहिलेलं त्यांना दाखवा.

एका घरामागे याला एक मिनिट जाईल. दीडशे घरांचे अडीच तास. सेंट लुइसच्या बहात्तर तासांपुढे ते काहीच नाहीत.

पर्यवेक्षकांना आणि चार्ज अधिकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की, रोज किती घरं झाली हे विचारताना किती घरांत वाचून दाखवलं हेही विचारा. ज्याचा आकडा कमी आहे त्याला सगळ्यांसमोर बोलू नका. कदाचित तोच वाचत असेल. आणि ताप असलेल्याला घरी पाठवा.

फेब्रुवारीत तुमच्यापैकी कोणीतरी आमच्या इमारतीत येईल. चौथा मजला आहे आणि लिफ्ट बंद असते, तेव्हा आधी बसा, पाणी घ्या. माझं वय ७१, विधवा, शिक्षण अकरावी मॅट्रिक. सगळं भरून झालं की मी तुम्हाला ते वाचायला सांगेन. मी शेजारी बसून ऐकेन, आणि एकेका ओळीला हुंकार देईन.

तुमची,
एक जुनी पंच ऑपरेटर